उभ्या गाडीचा वेग

हेग शहरातील मोठा बाजार आठवड्यातून चार दिवस भरतो, आणि शनिवारी तेथे पाय ठेवावयास जागा उरत नाही. कारली, भेंडी, हिरव्या मिरच्या, चवळीच्या हातभर लांब शेंगा असे सर्व काही तेथे मिळते, आणि सूरिनामहून आलेल्या हिंदुस्थानी कुटुंबांच्या तीन पिढ्या पिशव्या सांभाळीत त्याच गल्ल्यांतून हिंडलेल्या आहेत. २०२५ च्या फेब्रुवारीतील एका शनिवारी त्या बाजाराबाहेरील रस्त्यावर, पादचाऱ्यांसाठी आखलेल्या पांढऱ्या पट्ट्यांपाशी, एक जुनी हिरवी डाफ गाडी उभी राहिली. चालविणारे गृहस्थ वयाने पाऊणशेच्या उंबरठ्यावर होते. शेजारी त्यांची कन्या बसली होती. समोरून एक बाई चाकांची पिशवी ओढीत चालल्या होत्या. गृहस्थांनी घसरलेला चष्मा सावरण्यासाठी हात उचलला, त्यासरशी ब्रेकवरील पाय किंचित सैल झाला, आणि गाडी हातभर पुढे सरकली. पिशवीला धक्का लागून ती कलंडली आणि कारली रस्त्यावर घरंगळत गेली. बाईंना कोठे खरचटलेही नाही. दोघांनी उतरून कारली वेचून दिली, क्षमा मागितली, आणि प्रकरण तेथेच मिटले.

घरी मात्र ते मिटले नाही. कन्येचे म्हणणे असे पडले की पाय चुकून ॲक्सिलरेटरवर गेला. तिने ते रागाने म्हटले नाही. रागाने म्हटले असते तर गृहस्थांना ते इतके लागले नसते. नेदरलँड्समध्ये पंचाहत्तरी उलटल्यावर वाहन-परवाना नव्याने घ्यावयाचा तर वैद्यकीय तपासणी सक्तीची आहे. जूनमध्ये ते वय पूर्ण होणार होते आणि त्यासंबंधीचे कागद जेवणाच्या टेबलावर येऊन पडलेलेच होते. कन्येने त्या कागदांकडे केवळ एकदा पाहिले.

या गृहस्थांना नात ‘नाना’ म्हणते, आणि तिच्यामागून घरातील सारेच तसे म्हणू लागले आहेत. नाना १९७५ साली, सूरिनाम स्वतंत्र होण्याच्या काही महिने आधी, पारामारिबोहून हॉलंडमध्ये आले. २५ नोव्हेंबर १९७५ चा तो स्वातंत्र्यदिन त्यांनी हेगमधील एका भाड्याच्या खोलीत, मिळालेल्या नव्या कोटाच्या खिशात हात घालून, थंडीने कुडकुडत काढला. पुढची सारी उमेद त्यांनी शहरातील एका वाहनांच्या कर्मशाळेत घालविली. शेकडो इंजिने उघडली आणि मिटविली. अशा माणसाने ‘माझा पाय त्या पट्टीवर नव्हता’ असे म्हणावे आणि घरच्यांनी मान हलवून गप्प बसावे, हे सोसणे सोपे नव्हे. त्यातून त्यांच्या मनातही एक बारीक शंका उरली होती, आणि ती त्यांनी कोणासही सांगितली नव्हती: खरोखरच पाय गेला असेल तर?

गाडीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण या प्रकरणाचे मर्म त्या गाडीच्या घडणीतच आहे. हुब फान डोर्न या लोहारपुत्राने १९२८ साली आयंडहोव्हन येथे एक लहानसा कारखाना काढला. तेथे प्रथम मालवाहू जोडगाड्या आणि पुढे ट्रक होऊ लागले. १९५८ च्या फेब्रुवारीत ॲमस्टरडॅमच्या मोटार-प्रदर्शनात या कारखान्याने आपली पहिली प्रवासी मोटार, डाफ ६००, लोकांपुढे ठेवली. तिच्यात गिअर बदलण्याचा खटाटोप नव्हता आणि क्लचची पायपट्टीही नव्हती. शंकूसारख्या कडांच्या चकत्या आणि त्यांवरून फिरणारे रबरी पट्टे अशी तिची रचना होती. चकत्या जवळ आल्या की पट्टा त्यांच्या कडेकडे चढे, दूर गेल्या की आत उतरे, आणि गाडीचे गतिमान त्यानुसार आपोआप, एकाही झटक्याविना बदलत जाई. या योजनेस ‘व्हारिओमॅटिक’ असे नाव दिले गेले. बसणाऱ्याच्या हाती एकच दांडा येई: पुढे ढकलला की गाडी पुढे जाई, मागे ओढला की मागे, मधोमध ठेवला की मोकळी. जाहिरातवाल्यांनी त्याला ‘हुशार दांडुके’ म्हटले आणि ते नाव डच लोकांच्या तोंडी बसले. पुढे जाण्याचा आणि मागे जाण्याचा वेग सारखाच असल्यामुळे काही हौशी लोकांनी या गाड्यांच्या उलट्या शर्यतीही लावल्या; त्यात किती गाड्या उलथल्या याचा हिशेब न मांडलेला बरा.

नानांची गाडी १९७२ सालची, डाफ ४४. इटालियन कलावंत मिकेलोत्ती याने रेखलेला तिचा आकार आजही डोळ्यांस सुखवितो. समोर दोन सिलिंडरांचे, ८४४ घनसेंटीमीटरचे, हवेने थंड होणारे इंजिन. १९७८ साली ती जुनी म्हणून विकत घेतली तेव्हा तिची किंमत नानांच्या दोन महिन्यांच्या पगाराइतकीही नव्हती. त्या गाडीत बसून पत्नी प्रसूतीसाठी गेली आणि त्याच गाडीतून कन्या घरी आली. पत्नी आता नाही. कन्येने ‘गाडी विकून टाका’ असे म्हटले नाही, एवढे खरे. पण ‘आता हिला विश्रांती द्यावी’ असे ती एकदा म्हणाली, आणि ‘हिला’ म्हणताना तिचा रोख कोणाकडे होता हे दोघांनाही कळले.

आता मोकळे इंजिन, म्हणजे गाडी उभी असता हलकेच घुमत राहणारे इंजिन. डच कारागीर या मंद चालीस ‘स्टाशोनेर’ म्हणतात. मुंबईच्या गॅरेजातील मिस्त्री ही चाल वाढली की ‘गाडी रेस घेते’ असे म्हणतो. साध्या गाडीत इंजिनाने अशी रेस घेतली तरी पेट्रोल जळते, आवाज होतो, आणि फार तर मालक वैतागतो. अनेक दशके मुंबईच्या रस्त्यांवर धावून २०२३ साली निरोप घेतलेल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचे इंजिन कितीही घुमले तरी, चालकाने क्लच सोडल्यावाचून टॅक्सी तसूभर हलत नसे. डाफची गोष्ट निराळी. तिचा क्लच पायाने चालत नाही, तो वेगाने चालतो. इंजिनाच्या टोकाशी बसविलेली वजने इंजिनाबरोबर गरगरतात, आणि वेग वाढला की बाहेर फेकली जाऊन भोवतीच्या डब्याला घट्ट भिडतात. शेतकऱ्याची गोफण ज्या न्यायाने दगड ओढून धरते तोच हा न्याय. इंजिन सावकाश फिरत असेल तर वजने आत राहतात आणि गाडी जागच्या जागी उभी असते. परंतु उभ्या गाडीचे इंजिन मर्यादेपलीकडे घुमू लागले, तर क्लचला वाटते की मालकाने निघण्याची आज्ञा केली. गाडी हळूच पुढे रेलते. ब्रेक दाबलेला असेल तर थांबते, पाय सैल झाला की सरकते.

हे तत्त्व नानांना नवे नव्हते. त्यांच्या आज्याने कराराचे दिवस कोमेवेन नदीकाठच्या मारियनबर्ग येथील साखर कारखान्यात काढले होते. वाफेच्या इंजिनाच्या माथ्यावर दोन लोखंडी गोळे कसे फिरत आणि वेग वाढला की हात पसरल्यासारखे कसे वर जात, हे आज्याने त्यांच्या वडिलांस सांगितले होते आणि वडिलांनी नानांस. चरकात ऊस घालणाऱ्याला ते गोळे दिसत असावेत, कारण त्यांच्या उंचीवरून त्याला आपल्या हातांना किती घाई करावी लागणार ते कळे. ५ जून १८७३ रोजी ‘लाला रूख’ जहाज पारामारिबोला लागले, तेव्हापासून १९१६ पर्यंत चौतीस हजारांवर माणसे त्या किनाऱ्यावर उतरली. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या कहाण्या कोणी लिहून ठेवल्या नाहीत. नानांच्या घरी मात्र त्या दोन गोळ्यांची आठवण उरली.

दुसऱ्या दिवशी रविवारी नानांनी गॅरेजचे दार उघडले. मदतीस नात होती. ती डेल्फ्ट येथे अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकते आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांवाचून दुसऱ्या कशाची तिला फारशी आस्था नाही. कार्ब्युरेटर तिने त्या दिवसापर्यंत चित्रातच पाहिला होता.

प्रथम त्यांनी सावधगिरीच्या गोष्टी केल्या. इंजिनाचा धूर कोंडून राहू नये म्हणून दार सताड उघडे ठेवले. पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, गाडीची मागची बाजू उचलून भक्कम घोड्यांवर टेकविली, दांडा मधोमध ठेवला. मग इंजिन पुरते तापू दिले, कारण थंड इंजिनाची मंद चाल पाहून निदान करणे म्हणजे झोपेतून उठलेल्या माणसाची नाडी पाहून धावपटूविषयी बोलणे होय. इंजिन तापले तशी त्याची चाल वर चढली, आणि ती स्थिरही राहिना. कधी वाढे, कधी ढासळे, दम लागल्यासारखी. ठिणगीच्या तारेला चिमटा लावून फेरे मोजणाऱ्या उपकरणाने मिनिटाला १२०० ते १४०० असा आकडा दाखविला. नाना म्हणाले, “हे पाहा बेटी, इंजिन जास्त फिरते याचा अर्थ त्याला कोठून तरी जास्त हवा मिळते. ती हवा कोणत्या दाराने येते, एवढेच आपल्याला शोधायचे आहे.”

कार्ब्युरेटरात हवा येण्याचे मुख्य दार म्हणजे फुलपाखरासारखी फिरणारी झडप. ती पुरती मिटत नसेल तर चाल वाढते. म्हणून त्यांनी ॲक्सिलरेटरची तार तिच्या कडीतून सोडविली. चाल बदलली नाही, म्हणजे तार ताणलेली नव्हती. झडप ओढून आणणारी स्प्रिंग बोटाने ताणून पाहिली, ती जोमदार होती. मग चोक. त्याची खुंटी आत ढकललेली असली तरी तार मध्येच अडकली तर झडप किंचित उघडी राहते. या खोडीने चांगल्या चांगल्या कारागिरांना फसविले आहे. येथे तसे नव्हते. ठिणगी वेळेपूर्वी पडत असेल तरीही चाल वाढते, म्हणून तीही दिवा लावून पाहिली. ती खुणेवर होती. शेजारच्या गॅरेजातील गृहस्थ डोकावून म्हणाले की हा सारा नव्या पेट्रोलचा प्रताप आहे. दहा टक्के अल्कोहोल मिसळलेले ई-१० पेट्रोल २०१९ पासून हॉलंडच्या पंपांवर आले आणि जुन्या गाड्यांचे रबर त्याने खाल्ले, ही तक्रार खोटी नाही. परंतु नाना पहिल्यापासून कमी अल्कोहोलचे महाग पेट्रोल घालीत आले होते, आणि पेट्रोलच्या नळ्या त्यांनी दोन वर्षांपूर्वीच बदलल्या होत्या.

मग दुसरी दारे, म्हणजे जी असू नयेत ती. कार्ब्युरेटर जेथे बसविलेला असतो तेथील सांधा, आणि इंजिनाकडे जाणाऱ्या नळांचे सांधे. जुने कारागीर अशा सांध्यांवर पेट्रोल शिंपडून आवाज बदलतो का ते ऐकत. नानांनी तरुणपणी त्या रीतीने एक मिशी जळताना पाहिलेली असल्यामुळे त्यांनी साबणाचे पाणी घेतले. ब्रशाने ते प्रत्येक सांध्यावर लावले. हवा आत ओढली जात असेल तर पाणी क्षणभर फट बुजविते आणि इंजिनाचा सूर पालटतो. सूर पालटला नाही.

उरली ती एक रबरी नळी. डाफच्या त्या पट्ट्यांच्या यंत्रणेला केवळ फिरत्या वजनांची नव्हे, तर इंजिन जी हवा ओढते त्या ओढीचीही मदत लागते. त्यासाठी इंजिनापासून मागच्या चकत्यांच्या डब्यापर्यंत एक नळी जाते. ही ओढ कमी पडली तर चकत्या वेळेवर जवळ येत नाहीत, आणि सपाट रस्त्यावरही इंजिन उगाच ओरडत राहते. नातीने विचारले, “नाना, हल्ली मोठ्या रस्त्यावर गाडी जास्त आवाज करते का?” नाना थांबले. डिसेंबरात झूटरमेअरला जाताना कन्येने रेडिओचा आवाज वाढविला होता, आणि त्यांना वाटले होते की तिला गाणे आवडले.

त्यांनी ती नळी मध्यावर सांडशीने चिमटून धरली. नळी फुटकी असेल तर आता हवा बंद व्हावी आणि इंजिनाची चाल पालटावी. ती पालटली नाही. नानांनी सांडशी सोडली आणि ते स्टुलावर बसले. सगळी दारे तपासून झाली होती आणि सारीच बंद होती. म्हणजे यंत्रात दोष नव्हता. त्यांनी हात पुसावयास घेतले, आणि बराच वेळ ते पुसतच राहिले.

नात मात्र अजून वाकून पाहत होती. ती म्हणाली, “तुम्ही नळी इथे चिमटलीत. इंजिनापासून इथपर्यंतची चार बोटे तर तशीच राहिली.”

एवढ्या वर्षांच्या कारागिराला ही गोष्ट सुचू नये, याला काय म्हणावे! वस्तुतः त्याला ती सुचणेच अवघड होते, कारण नळीचे ते टोक त्याने स्वतःच्या हाताने बसविलेले होते. इंजिन बंद करून नानांनी पकडीचा स्क्रू सैल केला आणि नळी तिच्या तोटीवरून ओढून काढली. पकडीखाली, खालच्या बाजूस, जेथे इंजिनाची धग नित्य लागते आणि जेथे डोळा कधी पोहोचत नाही, तेथे रबर दगडासारखे कडक होऊन नखाएवढे चिरलेले होते. थंडीत ती चीर मिटून बसे, इंजिन तापले की उघडे. त्यांनी तोटी रबरी बुचाने बंद केली आणि इंजिन पुन्हा सुरू केले. दम लागणे थांबले. आवाज एकसंध, भरदार झाला. नातीने टाळी वाजविली.

नानांनी वाजविली नाही. ते आकड्याकडे पाहत होते. आकडा स्थिर झाला होता, परंतु खाली आला नव्हता. चीर बुजल्यावरही इंजिन मिनिटाला १२०० च्या वरच फिरत होते. याचा अर्थ उघड होता. मंद चाल ठरविणारा एक लहान स्क्रू झडपेला टेकलेला असतो, आणि तो कोणीतरी आत फिरविलेला होता. त्या गाडीला नानांवाचून दुसऱ्या कोणाचा हात लागत नव्हता. पन्नास वर्षांवरील गाड्यांना हॉलंडमध्ये नियतकालिक तपासणीही माफ असल्यामुळे कित्येक दिवसांत दुसऱ्या कारागिराने तिचे झाकण उघडलेले नव्हते.

मग त्यांना नोव्हेंबर आठवला. थंड सकाळी गाडी चौकात बंद पडू लागली होती. चिरेतून शिरणाऱ्या जादा हवेने मिश्रण पातळ होत असणार, पण तेव्हा ते ध्यानी आले नाही. मागे गाड्या भोंगे वाजवीत होत्या, हात गारठले होते. नानांनी घरी येऊन झाकण उघडले आणि स्क्रू दीड फेरा आत घातला. गाडी बंद पडण्याची थांबली. कर्मशाळेत त्यांच्या हाताखालच्या कोणा पोराने कारण न शोधता असा स्क्रू फिरविला असता तर त्यांनी त्याला दिवसभर फरशी पुसावयास लावली असती. आपल्या गाडीवर त्यांनी तेच केले होते, आणि विसरूनही गेले होते.

“दीड फेरा,” ते नातीला म्हणाले. “मीच फिरवला.” तिने काही म्हटले नाही आणि स्क्रू-ड्रायव्हर त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो स्क्रू अर्ध्या अर्ध्या फेऱ्याने बाहेर घेतला. आकडा उतरत गेला आणि इंजिन जुन्या, ओळखीच्या सुरात घुमू लागले. मिश्रणाचा स्क्रू किंचित हलवून त्यांनी तो सूर साफ केला. नवी नळी त्या दिवशी मिळण्यासारखी नव्हती, पण जुनी नळी लांबीला थोडी अधिक होती. चिरलेले टोक कापून टाकून उरलेली त्यांनी पुन्हा बसविली, आणि नव्या नळीसाठी माप लिहून ठेवले.

सायंकाळी कन्या आली तेव्हा गाडी खाली उतरवून गॅरेजसमोरच्या सपाट फरशीवर उभी केलेली होती. नानांनी तिला चालकाच्या जागी बसविले. चिरलेल्या नळीचा तुकडा तिच्या हातात दिला, आणि नोव्हेंबरातील स्क्रूची गोष्टही सांगितली. ही दुसरी गोष्ट सांगण्याचे त्यांना कारण नव्हते. नळीचा तुकडा पुरेसा पुरावा होता, आणि स्क्रूविषयी नात बोलली नसती. कन्येने ऐकून घेतले. “म्हणजे पाय नव्हता,” ती म्हणाली. “पाय नव्हता,” नाना म्हणाले, “हात होता.”

मग त्यांनी तिला दांडा पुढे ढकलावयास सांगितले, आणि दोन्ही पाय वर उचलून धरावयास सांगितले. तिने तसे केले. इंजिन घुमत होते. गाडी हलली नाही. तिने पाय तसेच अधांतरी ठेवून समोरच्या काचेतून पाहिले, मग आरशात पाहिले, मग पुन्हा समोर. मिनिटभर गेले असेल. नात बाजूस उभी राहून फेऱ्यांचा आकडा वहीत टिपून घेत होती.

“बाजारापर्यंत मी नेते,” कन्या अखेर म्हणाली. “येताना तुम्ही आणा.”

रविवार असल्यामुळे बाजार बंद होता, ही गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती आणि नानांनीही ती काढली नाही. ते फिरून दुसऱ्या बाजूस गेले आणि दार उघडून बसले.